पुस्तक उघडलं की त्याला तहान लागते

पत्र: माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. पुस्तक हातात दिलं की त्याला आधी तहान लागते, मग शू लागते, मग पेन्सिलीला टोक काढायचं आठवतं. मोठ्याने वाचायला सांगितलं तर अडखळतो, चिडतो आणि पहिल्या दोन अक्षरांवरून शब्द ठोकून देतो. तीच गोष्ट मी वाचून दाखवली तर अर्धा तास जागचा हलत नाही आणि दुसऱ्या दिवशी ताईला हावभावांसकट सांगतो. ताई तेरा वर्षांची, सतत पुस्तकात. तिने चौथीत वाचलेली पुस्तकं त्याला देतो, ती तशीच पडून असतात. दहा पानं वाचली की एक चांदणी आणि दहा चांदण्या झाल्या की अर्धा तास जादा मोबाइल, असा तक्ता भिंतीवर लावला. पहिला आठवडा छान गेला, आता तो नुसती पानं उलटतो. तक्ता एकदम काढला तर म्हणेल, मग वाचू कशाला? त्याला वाचनाची गोडी लावायची तरी कशी? – एक आई

उत्तर: ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी हावभावांसकट सांगणाऱ्या मुलाला गोष्टींची गोडी आधीच लागलेली आहे. त्याचं अडतंय ते छापलेल्या अक्षरांपासून शब्दापर्यंत पोचताना. तहान, शू आणि पेन्सिल या त्या कष्टातून निघायच्या वाटा आहेत आणि त्याच्या जागी कोणीही त्या शोधल्या असत्या.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं गणित मांडलं. अक्षरं लावून शब्द काढता येणं आणि कानाने ऐकलेली भाषा समजणं, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचून समजणं. इथे बेरीज चालत नाही. समज १ पैकी ०.९ असली आणि अक्षरं लावण्याचं कौशल्य ०.३ असलं, तर हातात उरतात ०.२७. तुमच्या मुलाला ऐकताना जी गोष्ट भरभरून मिळते, ती स्वतः वाचताना तिसरा हिस्सासुद्धा मिळत नसेल. एवढ्या मेहनतीला एवढीशीच गोष्ट मिळत असेल तर कंटाळा हे शहाणपणाचंच लक्षण म्हणायला हवं. म्हणून गोडीचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि कष्ट कमी करायच्या मागे लागा.

त्याआधी एकदा नीट तपासून घ्या, वीस मिनिटांचं काम आहे. त्याने न वाचलेलं, साधारण तिसरीच्या पातळीचं पुस्तक घ्या आणि त्यातला सलग शंभर शब्दांचा उतारा मोजून ठेवा. त्याच उताऱ्याची हाताने उतरवलेली प्रत तुमच्याजवळ असू द्या. ‘हे पुस्तक तुला जड जातंय का, ते मला बघायचंय,’ एवढं खरंखुरं सांगा. तो वाचत असताना बोलू नका. पाच सेकंद अडला तर शब्द सांगा आणि पुढे जाऊ द्या. चुकलेल्या, गाळलेल्या आणि तुम्हाला सांगाव्या लागलेल्या शब्दांखाली आपल्या प्रतीवर बारीक टिंब द्या. पुढे जाऊन मग स्वतःच मागे येऊन सुधारलेला शब्द चूक धरायचा नाही. उलट ती चांगली खूण आहे, कारण अर्थ बसला नाही हे त्याच्या लक्षात आलंय. ऱ्हस्वाचा दीर्घ झाला तर तेही सोडून द्या.

आता टिंबं मोजा. शंभरात एक-दोन असतील तर ते पुस्तक त्याने एकट्याने वाचायला योग्य आहे. पाचाच्या आसपास असतील तर मोठं माणूस सोबत हवं. दहा किंवा त्याहून जास्त असतील तर ते पुस्तक आज त्याचं नाही, मग ताईने ते कितव्या वर्षी वाचलं याला काही अर्थ नाही. वाचून झाल्यावर ‘काय झालं यात?’ एवढंच विचारा. मग तितकाच लांब दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तोच प्रश्न विचारा. ऐकलेलं नीट सांगता आलं आणि वाचलेलं नाही, तर आमचा अंदाज बरोबर आहे. दोन्ही नीट आले आणि टिंबंही कमी निघाली, तर अडचण पुस्तकांच्या निवडीत आहे. वाचन सफाईदार पण सांगता काहीच येत नाही, किंवा ऐकलेलंही कळत नाही, असं निघालं तर शब्दसंग्रहाचं आणि गप्पांचं काम वाढवावं लागेल. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही.

टिंबं किती आहेत यापेक्षा ती कुठे पडली हे जास्त बोलकं असतं. मराठीत अडायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे जोडाक्षरं. द्ध, द्य, ह्म, ष्ट, क्ष अशी एकमेकांत गुंतलेली अक्षरं मुलांना चित्रासारखी दिसतात, त्यातली अक्षरं सुटी होत नाहीत. त्यातही ‘र’ सगळ्यात लबाड. ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पोटात शिरतो, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी जातो आणि ‘दुसऱ्या’मध्ये आडवा होतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी शेजारी लिहून दाखवा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. फरक कळला की मुलांना तो गंमत म्हणून आवडतो. अशा अडणाऱ्या अक्षरांपैकी एका आठवड्याला दोनच घ्या आणि प्रत्येकाचे पाच-सहा शब्द चिठ्ठ्यांवर लिहा. दिवसाला तीन मिनिटं पुरतात. एकदम तीस जोडाक्षरांचा तक्ता पाठ करून घेतला तर तक्ता पाठ होतो, पण शब्दात आलेलं तेच अक्षर मुलाला ओळखता येत नाही.

दुसरी अडचण मोठ्यांच्या ध्यानातच येत नाही, ती म्हणजे चिकटलेले शब्द. ‘झाड’ हा शब्द मुलाला येतो, पण पुस्तकात ‘झाडाखालच्या’ असतं, ‘मित्रांबरोबरसुद्धा’ असतं. अशा लांबलचक शब्दापुढे मूल हबकतं आणि पहिली दोन अक्षरं धरून बाकीचं अंदाजाने म्हणतं. तुमचा मुलगा शब्द ठोकून देतो, ते बहुधा अशाच ठिकाणी. उपाय बोटाचा. शब्दाचं शेपूट बोटाने झाका, ‘झाडा’ वाचू द्या, बोट सरकवून ‘खालच्या’ उघडा, मग सगळा शब्द एका दमात म्हणू द्या. आठ-दहा दिवसांत तो स्वतःच बोट ठेवायला लागतो. खाली, वर, साठी, पर्यंत, बरोबर, सुद्धा ही ठरलेली शेपटं एकदा ओळखीची झाली की पानावरचे निम्मे अवघड शब्द सोपे होतात.

तिसरी, अक्षरागणिक वाचणं. ‘करवत’ हा शब्द क, र, व, त असा चारही अक्षरांना सारखा जोर देऊन म्हटला तर कानाला तो ओळखीचा वाटतच नाही. आपण बोलताना ‘कर-वत’ म्हणतो. म्हणून एकेक अक्षर सुटं करून म्हणायला लावू नका, शब्दाचे दोन तुकडे पाडायला शिकवा. शिवाय ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला ‘चा’ लिहायला एक असला तरी म्हणायला वेगळा आहे. कोणता उच्चार कुठे, हे लिपी सांगत नाही, शब्द आधी कानावरून गेलेला असावा लागतो. वाचून दाखवणं चौथीतही थांबवायचं नाही, त्याचं हे एक कारण.

रोजच्या सवयीसाठी जोडवाचन घ्या. १९७०च्या दशकापासून पालकांना शिकवली जाणारी ही पद्धत आहे. दोघांनी शेजारी बसायचं, पुस्तक मधोमध, प्रकाश मागून किंवा बाजूने. पुस्तक त्याने निवडलेलं असावं. थोडं जड असलं तरी चालतं, कारण तुम्ही बरोबर आहात. दोघांनी एकाच वेळी मोठ्याने वाचायला लागायचं. तुमचा वेग त्याच्या वेगाला जुळवून, किंचित हळूच. त्याला एकट्याने वाचावंसं वाटलं की तो तुमच्या हातावर टिचकी मारेल, तुम्ही गप्प व्हायचं. तो अडला किंवा चुकला तर मनात पाचपर्यंत मोजा. त्याला जमलं तर उत्तम. नाही जमलं तर शब्द सांगा, त्याने तो एकदा म्हणायचा, आणि पुढच्या टिचकीपर्यंत पुन्हा दोघांचा आवाज. बोटाने झाकायचा खेळ इथे आणू नका, तो चिठ्ठ्यांच्या त्या तीन मिनिटांत ठेवा. इथे गोष्ट वाहती राहिली पाहिजे.

वेळ दहा ते पंधरा मिनिटं, आठवड्यातून निदान पाच दिवस, सलग आठ आठवडे. रविवारी एकदम दीड तास बसवून भरपाई होत नाही. हे फसतं ते बहुतेक मोठ्यांमुळेच. आपला वेग वाढतो आणि मूल मागे फरपटत येतं. पाच मोजायच्या ऐवजी आपण दोनलाच शब्द सांगतो, किंवा उलट ‘नीट बघ, येतं तुला’ म्हणत अर्धा मिनिट ताटकळत ठेवतो. पंधरा मिनिटं छान गेली म्हणून चाळीस करतो. आणि टिचकी मारली नाही की ‘आता तू वाच ना’ म्हणतो. पहिले चार-पाच दिवस तो टिचकी मारणारच नाही. मारू नये. दोघांच्या आवाजात त्याची चूक झाकली जाते, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच त्याला चुकीची भीती न बाळगता वाचता येतं.

एखादा परिच्छेद त्याला फार आवडला तर तो पुन्हा पुन्हा वाचू द्या. पन्नास ते दोनशे शब्दांचा उतारा तीन-चार वेळा वाचला की वेग वाढतो, आणि त्यातले शब्द पुढच्या पानांवरही चटकन ओळखू येतात. मात्र ‘परत वाच’ म्हटलं की ती शिक्षा होते. पुन्हा वाचायला कारण हवं. शेजारच्या लहान मुलाला वाचून दाखवायचं असेल, फोनवर आवाज भरून कोणाला पाठवायचा असेल, संवाद असले तर पात्रं वाटून घ्यायची असतील. तुमचा मुलगा हावभाव करणारा आहे, त्याच्याकडे राक्षसाचे संवाद सोपवा आणि निवेदन तुम्ही घ्या.

याशिवाय दिवसातून दहा-पंधरा मिनिटं तुम्ही फक्त वाचून दाखवायचं आणि त्याने फक्त ऐकायचं. जोडवाचनापासून हा वेळ वेगळा ठेवा, झोपायच्या आधीचा सोयीचा पडतो. पुस्तक त्याच्या वाचनाच्या पातळीचं नको, ऐकण्याच्या पातळीचं हवं, म्हणजे दोन-तीन इयत्ता वरचं चालेल. ‘आता तूही मोठा झालास, स्वतः वाच’ म्हणून मुलांकडून हे सुख काढून घेतलं जातं, तेही नेमक्या चुकीच्या वयात. अक्षरांशी झटापट चालू असताना गोष्टींचा पुरवठा तोडला तर मूल कशासाठी झटापट करणार? प्रकरण उत्कंठेच्या जागी थांबवा आणि पुस्तक तिथेच ठेवून जा. त्याने उघडलं तर उत्तम. नाही उघडलं तरी काही बोलायचं नाही. रेकॉर्ड केलेलं पुस्तक ऐकत छापील पानावर बोट फिरवणंही चांगलं, फक्त आवाजाचा वेग थोडा कमी करून द्या.

आता पुस्तकांकडे. ताईची जुनी पुस्तकं काही दिवस त्याच्या डोळ्यांसमोरून हलवा. त्याला त्यांत ताईशी तुलना दिसते. नवी निवडताना पान दूर धरून बघा. टाइप मोठा हवा, ओळींमध्ये इतकी जागा हवी की खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडणार नाही, आणि प्रकरण चार ते सहा पानांत संपायला हवं. प्रकरण संपल्याचं समाधान या मुलांना पुस्तक संपल्याइतकंच मोठं असतं.

मालिकेतली पुस्तकं खुशाल द्या. कुठल्याही पुस्तकाची पहिली वीस पानं सगळ्यात जड असतात: नवी नावं, नवी जागा, कोण कोणाचा कोण. मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकात ते सगळं आयतं मिळतं. ‘हा नेहमी तेच ते वाचतो’ ही तक्रार ऐकली की आम्हाला हायसं वाटतं.

चित्रकथा हेही वाचनच आहे. फुग्यात सात-आठ शब्द असतात आणि चेहऱ्यावरून सूर कळतो. हस्ताक्षरातल्या बारीक अक्षरांची चित्रकथा मात्र टाळा. आणि गोष्टच हवी असं काही नाही. किडे, अंतराळ, यंत्रं, विक्रम, विनोद, जादूचे प्रयोग, कागदाच्या घड्या, खेळाचे नियम, काहीही. माहितीच्या पुस्तकात पान कुठूनही उघडता येतं, पाच ओळी वाचून मिटता येतं, आणि काहीतरी पूर्ण वाचल्यासारखं वाटतं. नऊ वर्षांच्या कित्येक मुलांना कल्पित कथांपेक्षा हेच रुचतं, आणि गोष्टीवेड्या आई-वडिलांना हे पचायला वेळ लागतो.

पुस्तकं कपाटात कण्याकडून रचली तर मुलाला दिसते फक्त एक रांग. पाच-सहा पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून ठेवा, तो जिथे लोळतो तिथे. दर पंधरा दिवसांनी दोन बदला. दहा-पंधरा पानं वाचून नाही आवडलं तर सोडायची मुभा असू द्या, आणि का सोडलं याची जबानी घेऊ नका. वाचल्यानंतर ‘तात्पर्य काय?’, ‘यातून काय शिकलास?’ हेही बंद. फार तर ‘सगळ्यात भारी कोण वाटलं?’ विचारा, किंवा स्वतःच म्हणा, ‘मला तर तो म्हातारा खोटं बोलतोय असं वाटतंय.’ मग बघा, वाद घालायला येतो.

मोबाइल वाईट आणि पुस्तक चांगलं, असं भांडण लावू नका. त्यात पुस्तक हरतं. वाचायच्या वेळी सगळ्यांचे फोन, तुमचाही, दुसऱ्या खोलीत ठेवा, एवढं पुरे.

एक गोष्ट मात्र टाळू नका. डोळे तपासून घ्या, विशेषतः तो वाचताना ओळ चुकत असेल, एक डोळा झाकत असेल, पुस्तक नाकाला लावत असेल किंवा कपाळ दुखतं म्हणत असेल तर. लांबचं स्पष्ट दिसतं म्हणजे जवळच्या वाचनात अडचण नाही असं होत नाही, म्हणून दोन्ही तपासायला सांगा. लहानपणी कानाचा त्रास झाला असेल तर कानही. आठ ते बारा आठवडे नियमित जोडवाचन करूनही टिंबं हलली नाहीत, तर डिस्लेक्सियाच्या, म्हणजे अक्षरं आणि ध्वनी जोडण्यातल्या मुळातल्या अडचणीच्या, तपासणीसाठी विशेष शिक्षक किंवा बालमानसतज्ज्ञ गाठा. घरात कोणाला लहानपणी वाचायला खूप जड गेलं असेल, किंवा त्याला आठवड्याचे वार क्रमाने सांगताना गोंधळ होत असेल, यमक जुळवता येत नसेल, तर इतकंही थांबू नका. डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा आजार नाही, त्यामुळे रंगीत काचांच्या चष्म्याने तो जात नाही. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. लागते ती अक्षर-ध्वनीची पद्धतशीर, चिकाटीची शिकवणी, आणि ती जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी.

प्रगती चांदण्यांवरून मोजू नका. दर चार आठवड्यांनी नवा शंभर शब्दांचा उतारा त्याच पद्धतीने घ्या आणि टिंबं एका वहीत लिहा. बारावरून आठवर आली तर ती मोठी मजल आहे, त्याला वही दाखवा. परीक्षेच्या दिवसांत किंवा आजारपणानंतर आकडा मागे गेला तर घाबरू नका. बाकी खुणा आपोआप दिसतील: दुकानाची पाटी मोठ्याने वाचणं, त्याच पुस्तकातलं तेच पान पुन्हा उघडणं, एकट्यानेच खुदकन हसणं.

राहिला तक्ता. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या चित्रवेड्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल असं काहींना आधी सांगितलं होतं. पुढच्या दिवसांत कोणी काही देत नसताना ही मुलं इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना प्रशस्तिपत्र न सांगता अचानक मिळालं होतं, त्यांची आवड कमी झाली नाही. तुमच्याकडे याहून साधी गोष्ट घडली. तुम्ही पानं मोजलीत, त्याने पानं पुरवली. त्याला लबाड म्हणू नका, करारात वाचायचं कुठे लिहिलंय?

तक्ता रागाने फाडू नका आणि गुपचूप गायबही करू नका. त्याच्या जितक्या चांदण्या झाल्यात, त्यांचा हिशेब पुरा करा. सात असतील तर दहा धरून ठरलेला अर्धा तास देऊन टाका. मग म्हणा, ‘हा तक्ता माझी कल्पना होती, ती काही बरोबर नव्हती. उद्यापासून रात्री आपण दोघं मिळून वाचायचं, पंधरा मिनिटं, पुस्तक तू निवडायचंस.’ ‘मग वाचू कशाला?’ असं त्याने विचारलंच, तर वाद घालू नका. ‘बरं, आज मी वाचते, तू टिचकी मारायची की नाही ते बघ,’ म्हणा आणि पहिलं वाक्य सुरू करा. आणि हो, बसायच्या आधी पाण्याचा ग्लास भरून शेजारी ठेवा.